देव दोन असते तर?

विषय थोडा अवघड आहे. एरव्ही अशा विषयास हात घालण्याचे धाडस आम्ही केले नसते. परंतु वारीच्या वाटेवर एका लेकराने तो आमच्यापुढे टाकला, त्या वेळी दिलेले उत्तर चुकले, आणि ती चूक आजवर मनात सलते आहे. वाचक माउलींपुढे ती मांडावी व तिच्या निमित्ताने द्वैत म्हणजे काय, देवाविषयी शंका येणे म्हणजे काय, याचा चार घटका विचार करावा, एवढाच हेतू आहे.

आषाढीची वाट होती. दिंडीचा मुक्काम अंबाजोगाईस होता. रात्री कीर्तन आटोपले, मंडळी पथाऱ्या टाकू लागली, तेव्हा नववीत शिकणारा एक मुलगा आजीसोबत आमच्यापाशी येऊन बसला. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातले घर. आईबाप ऊसतोडीला जाणारे. आपल्या बीड जिल्ह्याला हे नवे नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाड्या भरून निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराने होते. मागल्या हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात या मुलाच्या आईला पान लागले, आणि दवाखाना गाठेपर्यंत सारे संपले होते.

मुलगा वाचणारा. शाळेच्या ग्रंथालयातल्या अद्भुत कादंबऱ्या त्याने वाचून काढलेल्या. त्यात एक उजेडाचा देव, एक अंधाराचा देव, दोघांचे युगायुगांचे युद्ध, मधे माणसांची राज्ये, असा पसारा असतो. तो म्हणाला, "महाराज, देव दोन असते तर बरं झालं असतं."

आम्ही विचारले, "कामून रे?"

"एक चांगला, एक वाईट. मंग मपल्या आईचं ज्यानं केलं तो दुसरा, असं म्हणता आलं असतं. तुमी कीर्तनात सांगता देव एकच हाय. एकच हाय म्हणल्यावर त्यानंच केलं की!"

आता आमची चूक सांगतो. आम्ही त्यास प्रारब्ध सांगू लागलो. संचित, क्रियमाण, मागल्या जन्मीचे देणेघेणे, असा सारा पाठ म्हणून दाखविला. मुलगा खाली मान घालून गप्प बसला. आजी मात्र म्हणाली, "महाराज, तुमी शहाणे. पर लेकराला मेल्या मायचा हिशेब सांगू नका." आणि नातवाचा हात धरून ती निघून गेली.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. शास्त्र खोटे होते असे नव्हे. पण भाजलेल्या अंगावर ते लावायचे औषध नव्हते. मुलाचा प्रश्न हिशेबाचा नव्हता. देवावर रागवावे की नाही, हा होता. असो. आता त्याच्या प्रश्नाचा नीट विचार करू.

प्रथम 'द्वैत' हा शब्द पाहू. आपल्याकडे द्वैत म्हटले की जीव आणि देव वेगळे, असा अर्थ होतो. मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात जीव, जगत् आणि ईश्वर यांच्यातील पाच भेद नित्य मानले. महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परांहून वेगळे मानतात. देवता पुष्कळ आहेत, पण मोक्ष देणारा परमेश्वर एकच, असे ते सांगतात. आमचा वारकऱ्यांचा विचार याहून निराळा असला, तरी एक गोष्ट ध्यानात धरावी. या कोणत्याच मतात देवाला तोडीस तोड असा दुसरा वैरी देव नाही. भेद आहे तो लहानमोठ्याचा, धन्या-चाकराचा. तुल्यबळ लढाईचा नव्हे.

मुलगा ज्या द्वैताविषयी बोलत होता ते वेगळे. चांगल्याचे मूळ एक व वाइटाचे मूळ दुसरे, ही कल्पना जगात फार जुनी आहे. इराणात जरथुश्त्राच्या शिकवणीत अहुर मज्द आणि त्याच्या विरुद्ध अंग्र मैन्यू ही दुष्ट शक्ती येते. अर्थात आपल्याकडचे पारशी बांधव पूजा एकट्या अहुर मज्दचीच करतात आणि शेवटी विजय त्याचाच होणार असे मानतात. पुढे तिसऱ्या शतकात मानी नावाच्या पुरुषाने प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे सांगितली व तो पंथ दूरवर पसरला. एवढ्या लोकांना हे पटले, त्याला कारण आहे. या विचाराने देवाच्या अंगावरचा डाग निघतो. दुःख आले की 'ते त्याचे काम नव्हे' असे म्हणता येते. मुलाला तेच हवे होते. आईवर माया, देवावर माया, दोन्ही राखायच्या तर दोष ठेवायला तिसरा कोणी पाहिजे. म्हणजे त्याची शंका नास्तिकपणाची नव्हे, ती मायेपोटी आलेली होती. हे आम्हांस त्या रात्री कळले नाही.

आता अद्भुत कादंबऱ्यांविषयी. काही मंडळी म्हणतील, असली पुस्तके मुलांच्या हाती देऊच नयेत. आम्हांस तसे वाटत नाही. आम्हीही बालपणी 'चांदोबा' वाचला आहे. तो मराठीत १९५२ साली निघू लागला. आता बंद पडला, पण विक्रमराजा व वेताळ घरोघर पोचवून गेला. नारायण धारपांच्या कथांतली अमंगळ शक्ती वाचून रात्री कंदील मोठा केलेली मंडळीही पुष्कळ असतील. अद्भुत कथा मनातले भय बाहेर आणून त्याला नाव देते, तोंड देते. नाव मिळाले की भयाशी दोन हात करता येतात. हा तिचा उपकारच होय.

परंतु नीट पाहिले तर नामांकित अद्भुत कथासुद्धा दुसऱ्या देवाला पुरते सिंहासन देत नाहीत. टॉल्किन नावाच्या इंग्रज लेखकाची मोठी कादंबरी १९५४-५५ साली तीन भागांत निघाली. तीत अंधाराची सत्ता भयंकर आहे. पण त्या अंधाराला स्वतःचे असे काही घडविता येत नाही. जे आधी घडले आहे ते तो फक्त बिघडवतो, असे लेखक सुचवितो. आणि आपली पुराणे पाहा. देव-दैत्यांची युद्धे पानोपानी आहेत. पण हिरण्यकशिपूला वर कोणी दिला? ब्रह्मदेवाने. रावण कोणाचा भक्त? शंकराचा. आणि हिरण्यकशिपू-रावण मुळात कोण, तर वैकुंठीचे जय-विजय द्वारपाळ. युद्ध खरे, वैरही खरे, पण वैरी घरचाच. दुसऱ्या देवाला जागा पुराणांनी ठेवली नाही.

शैव-वैष्णवांच्या दोन देवांचा घोळही संतांनी असाच मिटविला. पंढरीचे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचा करगोटा करावयाचा, पण मूर्ती पाहायची नाही म्हणून डोळे बांधून राऊळात गेले. हाताने चाचपावे तो शंकर, डोळे उघडावे तो विठ्ठल. शेवटी उमगले की दोन होते ते आपले हात आणि आपले डोळे, देव नव्हे. म्हणूनच परळीच्या वैजनाथाला बेल वाहून पंढरीची वाट धरणारा वारकरी आपल्या जिल्ह्यात घरोघर आहे, आणि त्यास यात विसंगती वाटत नाही.

परळीचे नाव निघाले तर तेथल्या जगमित्र नागांची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. महिपतींनी 'भक्तविजय' ग्रंथात (१७६२) ती घेतली आहे. जगमित्र म्हणजे साऱ्या जगाचा मित्र. गावाने त्यांना थोडी जमीन दिली होती. नवा अधिकारी आला, त्याने ती काढून घेतली, आणि म्हणाला, माझ्या लेकीच्या लग्नाला वाघ आणून दाखव, मग जमीन परत. जगमित्र रानात गेले व त्यांनी देवाला हाक मारली. वाघ आला. तो वाघ म्हणजे स्वतः पांडुरंग, असे कथा सांगते. वाघ गावात शिरला तसे लोकांनी दारे लावून घेतली, अधिकाऱ्याची बोबडी वळली. जगमित्रांच्या मागे मात्र तो कुत्र्यासारखा चालला होता.

ही अद्भुत कथाच आहे. पण मुलाच्या कादंबरीतल्या कथेहून तिचे वळण निराळे. तिथे वाघ हे दुसऱ्या देवाचे जनावर झाले असते. इथे ज्याच्या भयाने दारे लागतात, त्याच्याही पोटात जगमित्र आपला देव ओळखतात. संतांचे अद्वैत ते हे. जगात वाघ नाहीतच, असे ते सांगत नाही. वाघ दुसऱ्या कोणाचा नाही, एवढेच सांगते.

येथे वाचक विचारतील, आणि विचारावेच: मग फडातला सापही त्यानेच पाठविला काय? माउलीहो, या प्रश्नाला सोपे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ज्यापाशी आहे त्याचे आम्हांस भय वाटते. सर्व काही त्याच्यात आहे, हे म्हणणे वेगळे. आणि अमक्याला अमक्या कारणासाठी त्याने मारले, हे म्हणणे वेगळे. पहिला संतांचा अनुभव आहे. दुसरा आपला आगाऊपणा आहे. तिथे अंधारात बिनविजेरीची, बिनबुटांची बाई ऊस तोडत होती आणि दवाखाना लांब होता, ही कारणे माणसाच्या हातची आहेत. ती देवाच्या नावावर लिहून मोकळे होणे म्हणजे आपला आळस झाकणे होय.

मग संतांनी अशा वेळी काय केले? तुकाराम महाराजांकडे पाहू. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. घरची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसले. महाराजांनी दुसरा देव शोधला नाही, आणि पहिल्याची वकिलीही केली नाही. ते देवाशी भांडले. त्यांच्या गाथ्यात देवाला इतके कठोर बोल आहेत की आज कोणी ते स्वतःचे म्हणून चारचौघांत बोलला, तर लोक त्याला नास्तिक ठरवतील. आपल्यापुरता देव उरलाच नाही, इथवर त्यांचे बोलणे जाते. जनाबाईंनी तर विठ्ठलाला उघड शिव्या घातल्या. पण एक खूण पाहा. हे सारे बोल देवाविषयी नाहीत, बहुतेक देवाशी आहेत. ज्याला 'तू' म्हणून जाब विचारता येतो तो दूर गेलेला नसतो. पाठ फिरवून केलेली शंका आणि तोंडासमोर केलेली शंका यांत घराबाहेर पडणे आणि घरात रुसणे एवढे अंतर आहे.

आता शंकेचा दुसरा प्रकार पाहू. त्याची कथा त्या रात्रीच्या आमच्या मुक्कामाच्या गावचीच आहे. अंबाजोगाईस गावाबाहेर डोंगराच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ; त्याचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ सांगतात. काळाबद्दल आणि स्थळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. विदर्भातले आंभोरेही आपला हक्क सांगते. तो वाद असो. कथा अशी की जैत्रपाळ राजा साधुसंतांना पकडून आणी आणि म्हणे, मी रिकिबीत एक पाय ठेवतो, दुसरा पाय पलीकडे जाईतो मला ब्रह्म दाखवा. कोणाला साधले नाही की त्याला खोदकामावर जुंपी. पुढे मुकुंदराज आले, राजाची तेथल्या तेथे समाधी लागली, आणि राबणारे सुटले.

राजाची शंकाही खरीच असेल. पण तिची किंमत कोण देत होते? राजा नव्हे; उन्हात माती उपसणारे साधू. आमच्या मते शंकेची परीक्षा येथेच आहे. ज्या शंकेचे मोल शंका घेणारा स्वतः देतो, रात्र जागून, रडून, वाट चालून, ती शंका साधनाच होय. जी शंका घोड्यावर बसल्या बसल्या दुसऱ्याला राबविते, तिला करमणूक म्हणावे. गीतेत भगवंतांनी संशयी पुरुषाचा नाश सांगितला, हे खरे. पण तोच उपदेश ज्या अर्जुनाला केला, त्याने पहिल्या अध्यायापासून शंकाच काढल्या, आणि भगवंतांनी त्याला एकदाही रथातून उतरवले नाही, हेही विसरू नये.

त्या मुलाने आणखी एक प्रश्न दुसऱ्या दिवशी वाटेत विचारला. आदल्या रात्रीचा राग विसरून तो आपण होऊन आमच्या शेजारी चालू लागला, हे त्याचे मोठेपण. एका इंग्रजी गोष्टीविषयी त्याला शिक्षकांनी सांगितले होते. टेरी प्रॅचेट यांची ती कादंबरी १९९२ सालची. तीत देवांचे बळ भक्तांच्या विश्वासावर अवलंबून असते. एका मोठ्या देवावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच भोळा माणूस उरतो, म्हणून तो देव कासव होऊन बसतो. मुलाने विचारले, "महाराज, आपण मानलं न्हाई तर इठोबा बी कासव होईल का?"

या वेळी आम्ही घाईने बोललो नाही. थोडे चालून म्हणालो, "बाळा, आपला देव भक्ताच्या अधीन आहे, हे खरंच आहे. पुंडलिकाने वीट फेकली आणि 'थांब' म्हणाला, तो अजून थांबला आहे. पण गरज म्हणून थांबणं वेगळं आणि माया म्हणून थांबणं वेगळं. तू शाळेतून येईस्तोवर तुझी आजी दारात उभी राहते. तू उशीर केलास म्हणून ती लहान होते का?"

मुलगा हसला नाही, पण म्हणाला, "न्हाई. पाय दुखतेत तिचे."

आम्ही निरुत्तर झालो. देवाचेही पाय दुखत असतील, हा विचार आमच्या कीर्तनात आजवर कधी आला नव्हता.

आता या अभ्यासाचे सार सांगतो.

पहिले. भक्तीला थोडे द्वैत लागतेच. टाळाच्या दोन वाट्या कायमच्या दूर ठेवल्या तर नाद नाही, आणि एकमेकींस चिकटवून टाकल्या तरी नाद नाही. जवळ यायचे, दूर व्हायचे, पुन्हा जवळ यायचे, तेव्हा भजन उभे राहते. ज्ञानेश्वर महाराजांनी 'अमृतानुभवा'च्या आरंभी शिव-शक्तीचे जे एकपण सांगितले, ते असे दोनपणाची गोडी राखून सांगितले आहे. हे द्वैत प्रेमाचे. वैराचे नव्हे.

दुसरे. दुसऱ्या देवावर दोष टाकण्याचा मोह झाला तर आपणांस अपराधी मानू नये. तो मोह दुःखाचा आहे. पण तेथे घर बांधू नये. वाईट जर एका स्वतंत्र देवाचे राज्य असेल, तर त्या राज्यात आपला देव पोचणार नाही. म्हणजे आपण सर्वांत दुःखी असू नेमके तेथे तो नसणार. हे समाधान फार महाग पडते.

तिसरे. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण सांगू नये. हा नियम आम्ही त्या आजीकडून शिकलो. प्रारब्धाचा विचार माणसाने स्वतःपुरता करावा. शेजाऱ्याच्या दारात तो घेऊन जाऊ नये. तेथे जाताना भाकरी घेऊन जावी.

चौथे. शंका मिटेपर्यंत वाट थांबवू नये. 'चांदोबा'तला विक्रमराजा आठवा. वेताळ खांद्यावर बसून प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो, राजा पुन्हा त्याला खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. पंचवीस वेळा. आमची वारी याहून फार वेगळी नाही. कित्येक वारकऱ्यांच्या खांद्यावर पताकेबरोबर एक वेताळही असतो. त्याला खाली टाकून पळू नये आणि त्याच्या भीतीने बसूनही राहू नये. चालत राहावे.

पंढरीस पोचलो. मुलगा आजीबरोबर दर्शनाच्या बारीत उभा राहिला. रात्रभर उभे राहून पहाटे त्यांची पाळी आली. आपला देव असा की कोणीही जाऊन त्याच्या पायांवर डोके ठेवावे. मुलगा बाहेर आला तेव्हा आम्ही विचारले, "काय मागितलंस?"

तो म्हणाला, "मागितलं न्हाई काई. भांडलो."

आजी डोळे पुसत म्हणाली, "भांडला ते बरं केलं. आता दर साली येईल."

यावर आम्ही आणखी काय बोलावे? एवढेच सांगतो की पुढल्या आषाढीस आजी-नातू दोघेही दिंडीत होते. मुलाच्या पिशवीत एक जाडजूड अद्भुत कादंबरी होती आणि हरिपाठाची पोथीही होती. दोन्ही एकाच पिशवीत ठेवल्याबद्दल आम्ही त्यास काही म्हटले नाही. बापासाठी त्याने एक विजेरी घेऊन ठेवली होती. हंगामाला जाताना द्यायची म्हणाला.

मायबाप वाचकांनी आपापल्या गावी, आपापल्या दिंडीत, असे प्रश्न विचारणारे लेकरू भेटले तर त्यास जवळ बसवून घ्यावे, आमच्यासारखी घाई करू नये, हीच विनंती.

रामकृष्णहरि.